झाकण बसलं पाहिजे

रंगनाथ मिस्त्री माणसाला बघतो ते लाकूड निवडल्यासारखं. केडगावात आमच्या गल्लीत नवी सून आली, तेव्हा बाकीचे तिचं नाव विचारत होते. हा म्हणाला, "आंबा. मऊ हाय, पन कीड लवकर लागंल. जपा." सासूने महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं.

सुप्याच्या कंपनीत पेट्या ठोकण्यात त्याची उमर गेली. रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात. हा अस्थींचे डबे करायला लागला. वीतभर उंच, लाकडी, वर झाकण आणि बाजूला दोरीसाठी दोन भोकं. आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत, नदीला नेईपर्यंत झाडाला टांगतात, म्हणून भोकं. बरं, डबे मेलेल्यांसाठी नाहीत. चालत्याबोलत्या माणसांसाठी. ज्याच्यावर जीव, त्याला डबा.

समोरच्या सुशीलाला त्याने चिंचेचा दिला. तिला वाटलं मसाल्याचा. तिने तिखट भरलं. एकदा मिस्त्री चहाला आला आणि ओट्यावर डबा बघितला. आता चिडणार म्हणून मी पदर तोंडाला लावला.

"वापर, सुशे," तो म्हणाला. "पन येळ आली की धुऊन घ्यायला सांग पोरांना. न्हाईतर नदीला ठसका लागंल."

सुशीलाने त्याच दुपारी डबा तिखटासकट गच्चीवर नेऊन ठेवला.

मी म्हातारी सगळ्यांत मोठी, पण मला डबा नाही. मी सरळ विचारलं.

"तुमी बाभूळ, आक्का."

"काटे हायेत म्हणून?"

"कुऱ्हाडीचं दात पडत्यात म्हनून."

माझ्या नावाचा बाभळीचा ओंडका त्याच्या शेडमध्ये सहा वर्षं पडून आहे. कधीही विचारा, उत्तर एकच. "ओलं हाय अजून. झाकन बसलं पायजे." हे त्याचं पालुपद. चहाच्या पातेल्यावर ताटली ठेवतानाही म्हणतो.

झाकणाचं मला माहीत आहे. त्याची बायको चंद्रा गेली, तेव्हा याने तिच्या हातची दारातली बोर तोडली. तिला त्याच लाकडात न्यायचं म्हणून दोन दिवस जेवला नाही. एवढा मिस्त्री, पण ओल्या लाकडाचा डबा करायला बसला. लाकूड वळलं. तिसऱ्या दिवशी सावडायची वेळ झाली तरी हा शेडमध्ये झाकण घासतोय. भावकी किती थांबणार? त्यांनी गोडेतेलाच्या डब्यात अस्थी भरल्या आणि टेम्पो संगमाला गेला. हा मागेच राहिला.

मी तेव्हा तोंडावर म्हणाले होते, "मडकं काय वाईट होतं?" तो झाकण घासत राहिला.

परवा सकाळी त्याने मला शेडमध्ये बोलावलं. हातात बोरीचा डबा होता. दरवर्षी थोडं थोडं घासत आला होता. त्याने झाकण ठेवलं, अंगठ्याने दाबलं. टप् करून बसलं.

"आक्का, बसलं."

"आता काय उपयोग?"

"ह्यात मला घालायचं. पोरगा पुन्याहून येनार, बाजारातला तांब्याचा घिऊन. त्याला म्हाईत न्हाई. तुमी सांगायचं."

"मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे. मी आधी जाणार."

"न्हाई जानार."

"का? यमाला चिठ्ठी दिलीस का?"

त्याने ओंडक्याकडे बोट केलं. "बाभूळ ओली हाय अजून."

मी उठून ओंडक्यावर बोटं वाजवली. खणखण वाजलं. साठ वर्षं चूल पेटवली आहे मी, वाळलेलं लाकूड मला कळतं. त्याने मान खाली घालून रंधा पुसायला घेतला.

"व्हय," मी म्हणाले. "लई ओली हाय."

आणि बोरीचा डबा कोणत्या फळीवर ठेवतोस, ते विचारून घेतलं.