बारापात्रेकाकांचा तळहाताएवढा कॉम्प्युटर

बारापात्रेकाका कुठल्याही गोष्टीचे फायदे-तोटे लिहून काढल्याशिवाय राहत नाहीत. सरकारी कचेरीत आयुष्यभर टिपणं लिहिली, निवृत्त झाले, पण हात थांबला नाही. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी न मागता असा एक कागद आणून दिला होता. होणाऱ्या बायकोचे फायदे चार, तोटे तीन. पुढे तो कागद बायकोला सापडला. अकरा वर्षं झाली, तिसऱ्या तोट्यावर आमच्याकडे अजून चर्चा होते.

मी वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. सहा दिवस ट्रक भरायचे, उतरवायचे. रविवारी दुपारी मला फक्त आडवं व्हायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरून काकांची हाक येते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक खेळणं मागवलं. पूर्वी टीव्हीला जोडायचे तसल्या घरगुती कॉम्प्युटरची हुबेहूब, पण तळहाताएवढी नक्कल. आत जुने गेम भरलेले, सोबत एक जॉयस्टिक.

"हे पाय गा," काका म्हणाले, "फायदा पहिला. तेव्हा गेम कॅसेटवरून चढे. चहा होऊन जाय, तरी चढून राहिलाच असे. आता बटन दाबलं का हजर. तोटा पहिला. कीबोर्ड नुसता देखाव्याचा, एक बटन दबत नाही."

मग वायर आखूड असल्याचा तोटा, गेम आहे तिथे थांबवून ठेवता येण्याचा फायदा. चार रविवार हेच. एकदा बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तोट्यांत एक ओळ वाढली होती : 'पाहुणा झोपतो.'

पाचव्या रविवारी त्यांनी मला डाव्या हाताने, एकाच हाताने खेळायला लावलं. जॉयस्टिक दर वेळी निसटत होती. एका हाताने काहून खेळायचं, असं मी वैतागून विचारलं. काकांनी पुढच्या रविवारी कन्हानला नेऊन सोडशील का, एवढंच विचारलं.

कन्हानला त्यांचे थोरले भाऊ राहतात. खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. तरुणपणी घरात पहिला कॉम्प्युटर त्यांनीच आणला, आणि दोघे भाऊ त्यावर तासन् तास खेळायचे. हे सगळं काकांनी मला स्कूटरवर मागे बसून सांगितलं. होळीच्या सुमारास दादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

वायर पुरेना म्हणून वहिनींनी आणि मी दादांची खाट टीव्हीजवळ सरकवली. काकांनी डाव्या हातात जॉयस्टिक दिली. ती निसटली. पुन्हा दिली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा दादांनी हातच पुढे केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

माझ्या मनात आलं, आता निघावं. पण काका खुर्चीवरून उठले, चपला काढल्या आणि खाटेवर चढून दादांना टेकून बसले. जॉयस्टिक दोघांच्या मध्ये धरली.

"दादा, तू फक्त बटन दाब," ते हळू म्हणाले. "चालवतो मी."

दादांनी थोड्या वेळाने मान वळवली. अंगठा बटणावर ठेवला.

पहिला डाव लगेच संपला. दुसराही. तिसऱ्यात दादांनी बटण वेळेवर दाबलं, पडद्यावरचं विमान फुटलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. काकांनी ती आपल्या रुमालाने पुसली आणि नवा डाव लावला.

वहिनींनी जेवायला बोलावलं. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. मग मी एकटाच पानावर बसलो, आणि जमेल तितकं सावकाश जेवलो.