उन्हाची सवलत

मंगळवारी सकाळी नऊ वाजता अमरावतीहून फोन आला नाही. सव्वानऊला मी अकोल्याहून लावला. तो शेजारच्या यूनुसभाईंनी उचलला. सुधाकरदादा पहाटे गेला होता.

सुधाकरदादा माझा मावसभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, जिल्हा परिषदेतून टायपिस्ट म्हणून निवृत्त, लग्न न केलेला. जगात त्याला एकाच प्रश्नात रस होता. सेलेरॉन चांगला की सेम्प्रॉन?

हे दोन प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचे मेंदू. दोन वेगळ्या कंपन्यांचे आणि दोन्ही आपापल्या यादीत सगळ्यात खालचे. आम्ही दोघांनी अमरावतीच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी कॉम्प्युटर घेतले. त्याच्या वाट्याला सेलेरॉन आला, माझ्या वाट्याला सेम्प्रॉन, कारण स्वस्तातले तेवढे दोनच शिल्लक होते. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत, साहेब."

हे वाक्य दादाला लागलं. "सारखे कसे असतीन? दोन भाऊ असतात काय सारखे? कोनता तरी वरचढ राहतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याचा फोन आला. "बोट बटनावर ठेव. मी म्हनलं का दाबजो. एक, दोन... दाब!" पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे दिसेपर्यंत मोजायचं. त्याचे चोपन्न सेकंद, माझे छप्पन्न. "काहून रे, तुह्या डब्ब्याले ताप आला काय?" एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. पण फोन रोज येत राहिला. दिवाळीला आला. माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी कार्यालयात आला. तेव्हा मी घरी नव्हतो, म्हणून दादानं तो दिवस "पावसामुळे खेळ रद्द" असा धरला. महिना फेब्रुवारीचा होता.

त्याचे नियम कडक होते. दोन्ही मशीनवर सारख्याच फाईली. एकदा मुलीनं माझ्या मशीनवर सहलीचे फोटो टाकले आणि मी भोळेपणानं ते सांगितलं. दादानं माझा महिन्याभराचा निकाल बाद केला. "तू ग्रंथपाल होता ना कॉलेजात? पुस्तकात कोनी पानं घुसडली असती तं चाललं असतं काय तुले?"

पुढं तो माणसांनाही याच मापानं मोजू लागला. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाकडं बराच वेळ पाहून तो सर्वांदेखत म्हणाला, "पोरगा सेलेरॉन हाय. चालू व्हाले टाइम घेते, पन मधात बंद नाई पडत." मुलाकडच्यांना ही शिवी वाटली. स्थळ हातचं गेलं. दादाला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं. त्याच्या लेखी ती शिफारस होती.

मे महिन्यात माझा सेम्प्रॉन हमखास मागं पडायचा. एका मे महिन्यात दादा एसटीनं अकोल्याला आला, पाणीही न पिता आतल्या खोलीत गेला आणि खिशातला ताप मोजायचा थर्मामीटर त्यानं माझ्या मशीनवर ठेवला. पारा शेवटच्या रेघेपर्यंत चढला. दादा डोकं धरून बसला. "ह्याले ऊन लागून राहिलं, अन् मी जिंकून राहिलो. हा न्याय नाई." तेव्हापासून उन्हाळ्यात मला रोज तीन सेकंद सूट मिळू लागली. वहीत त्याला नाव होतं, उन्हाची सवलत.

मी एकदा चिडून म्हणालो, "दादा, एकदाचं ठरव ना, कोण श्रेष्ठ ते."

"ठरलं का खेळ संपते. सारखा हरनारा फोन उचलत नाई. सारखा जिंकनाराही उचलत नाई." यावर तो हसला. मी हसलो नाही. मला कामं होती.

आता मी काय केलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला आणि लॅपटॉप घेतला. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासभर रडगाणं ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा रोज नऊला "दाब" ऐकायचं, पेपर वाचत मिनिटभर थांबायचं आणि तोंडाला येईल तो आकडा सांगायचा, हे सोपं होतं. "सत्तावन्न." "माहे पंचावन्न. हरला लेका!" फोन दोन मिनिटांत आटपायचा. मला ती माझी हुशारी वाटायची.

तेराव्यानंतर यूनुसभाईंसोबत दादाची खोली आवरत होतो. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी म्हणालो, एकदा सेलेरॉन चालू करून पाहू.

"सर, ये तो दो साल से बंद है," यूनुसभाई म्हणाले. "बोर्ड जळला होता. मी म्हटलं, चाचा, दुसरा घेऊन टाका. तर म्हणे, दुसऱ्याले घेऊन काय करू, अकोल्याशी मुकाबला याचाच आहे."

"मग रोज नऊ वाजता?"

"बैठते थे ना. बंद डब्ब्याचं बटन दाबायचे, घड्याळ पाहायचे. मी विचारलं, चाचा, आज काय झालं? तर म्हणे, आज मी हरलो. जरा उसको भी खुश होने दो."

वही कपाटात होती. तारीख, त्याचे सेकंद, माझे सेकंद. मी माझे खोटे आकडे वाचत गेलो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापाशी थांबलो. आकडे सांगताना मी ऊन विसरलो होतो. माझा सेम्प्रॉन त्या वर्षी मे महिन्यात जानेवारीइतकाच जोरात धावत होता. समासात दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, "अकोल्यात ऊन नाही. मशीन विकलं वाटतं. विचारू नये."

त्याच्या खाली, त्या दिवसापासून पुढचे तीन उन्हाळे, माझ्या आकड्यांतून रोज तीन सेकंद वजा केलेले होते.

त्यानंही आकडे बनवले, मीही बनवले. तो फोन सुरू राहावा म्हणून बनवत होता. मी तो लवकर संपावा म्हणून.

यूनुसभाईंनी सेलेरॉन काढून काडेपेटीत घालून दिला. काडेपेटी आणि वही माझ्या टेबलावर आहे. सकाळी नऊ वाजता मला आता काही काम नसतं.