सफर झाल्याचं प्रमाणपत्र

“लाल टेबलक्लॉथ आण. निळा आणलास तर समुद्रात मला काय दिसणार, माझं कपाळ?” लेटीने फोनवर बजावलं होतं.

लेटी म्हणजे ब्यूलाची थोरली बहीण. मुक्काम दीपगृहापलीकडच्या वृद्धाश्रमात, खिडकीशी, दुर्बिणीसह. आश्रमाच्या नियमाप्रमाणे दुपारी साडेबाराला पडदे ओढून वृद्धांना सक्तीने झोपवून ताजंतवानं करण्यात येई. शनिवारी तिला गावात आतल्या बाजूला हलवणार होते, तिथल्या खिडकीतून फक्त गाड्या दिसत. म्हणून शुक्रवारी ब्यूलाने बाबांच्या बोटीतून खिडकीसमोरून जायचं आणि टेबलक्लॉथ हलवायचा, असं ठरलं. ब्यूलाने शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द तिच्याकडे सकाळच्या प्रार्थनेइतकाच नेमाने पाळला जाई.

बाबांची बोट म्हणजे ‘पेशन्स’. दोन डोलकाठ्यांची, पोटात इंजिन नसलेली, शिडांवर चालणारी लाकडी स्कूनर. बाबांनी ती अमेरिकेतल्या मेन राज्याच्या याच किनाऱ्यावर बांधली. आता ती एका कंपनीच्या ताब्यात होती आणि रोज सकाळी दहा ते बारा या वेळात प्रवाशांना ‘अस्सल जुना अनुभव’ देत असे.

ब्यूला नेहमीप्रमाणे आपली होडी वल्हवत खाडी ओलांडून आली. होडी धक्क्याला बांधून तिने डोकं झुकवलं आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. लगेच कंपनीचे अनुभव-अधिकारी मिस्टर पिम जवळ आले.

“बाई, प्रार्थना जरा जमिनीवर उरकून घ्याल? बोटीजवळ केली की इतरांना धोक्याची शंका येते.”

मग अकरा पानी संमतीपत्र आलं. वारा सुटू शकतो, पाणी ओलं असू शकतं, लाकडाला लाकडाचा वास येऊ शकतो, या सर्वांची मला पूर्ण कल्पना आहे. चौदा प्रवाशांनी चौदा सह्या केल्या. कुणी वाचलं नाही. ब्यूलानेही नाही.

सुरक्षेची सूचना पंचेचाळीस मिनिटं चालली. लाइफ जॅकेट कसं घालावं, कसं काढावं, आणि ते का काढू नये.

“आता शिडं चढवू!” पिम म्हणाले. प्रवाशांनी स्वतः दोर ओढणं हाच तर अस्सल अनुभव. मात्र विम्याच्या अटीनुसार हौशी माणसांनी बोट बांधलेली असतानाच दोर ओढायचा होता. त्यामुळे शिडं धक्क्यालाच चढली.

कॅप्टन वेंडेल आयुष्यभर समुद्रावर होता. तो कसाबसा म्हणाला, “साहेब, चढलेली शिडं वारा धरतात. बोट ओढ घेणार.”

“मग आणखी दोर बांधा.”

आणखी चार दोर बांधले. चारांहून अधिक दोर सोडायला बंदर-निरीक्षकाची सही लागे, आणि निरीक्षक शुक्रवारी मासे पकडायला जात. शिडं उतरवावीत, तर ‘शिडं पूर्ण चढलेली’ असा फोटो घेण्याची हमी जाहिरातीत छापलेली. मग शिडं फुगली, डोलकाठ्या करकरल्या, ‘पेशन्स’ बांधलेल्या घोडीसारखी थरथरली आणि जागच्या जागी राहिली.

“अगं बाई, किती जोरात चाललीय!” ओहायोहून आलेली एक बाई कठड्याला घट्ट धरून म्हणाली.

“कुठे चाललीय? तो लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचा ढीग मघापासून तिथेच आहे,” तिचा नवरा म्हणाला.

“तू ना, कशाचाच आनंद घेऊ नकोस!”

बोट लागू नये म्हणून सर्वांना गोळ्या दिल्या. शिंपल्यांचं गरम सूप दिलं. पावणेबारा वाजले.

ब्यूला कॅप्टनपाशी गेली. “वेंडेल, खरं सांग बाळा. आज सुटणार का ही?”

वेंडेलने टोपी काढली. “मावशी, पान सात. ‘सफर या शब्दात सफरीची तयारी समाविष्ट आहे.’ तुम्ही सही केलीत.”

“आणि तू?”

“मी दर मोसमाला करतो. जूनपासून हा धक्का सोडलेला नाही. पण तक्रार एकही नाही हो! उलट लोक म्हणतात, इतकी न हलणारी बोट कुठे पाहिली नाही.”

तेवढ्यात पिमनी प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात केली. ‘यांनी समुद्र जिंकला.’ ओहायोच्या नवऱ्याने ते उलटसुलट पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि फोनवर पाच तारे देऊन टाकले. हसू नका. सही तुमच्याही हातून झाली असती, आणि प्रमाणपत्र तुम्ही दिवाणखान्यात टांगलंही असतं, पाहुण्यांच्या नजरेस पडेल असं.

ब्यूलाने कंपनीचं जॅकेट नीट घडी घालून बाकावर ठेवलं आणि शिडी उतरून आपल्या होडीत गेली. ‘पेशन्स’ बांधून उरलेल्या फळ्यांतून बाबांनीच ती जोडली होती. आपलं जुनं जॅकेट तिने अंगात चढवलं आणि लाल टेबलक्लॉथ होडीत उभ्या केलेल्या काठीला बांधला.

“बाई, थांबा! तुमचं प्रमाणपत्र राहिलं!” वरून पिम ओरडले.

कठड्यावर तेरा फोन वर झाले. “बघ, हेसुद्धा तिकिटात आहे!” ओहायोची बाई म्हणाली.

साडेबाराला अजून चाळीस मिनिटं होती. दोर एकच होता. ब्यूलाने तो सोडला आणि दीपगृहाच्या दिशेने वल्ही मारायला लागली.