बाबांच्या खाटेला जडलेलं गेट

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो, दोनदा उठलो. आपली फजिती आपल्याच बोटांनी टाइप करायची म्हणजे आपणच आपला कान धरून गावभर फिरायचं! पण त्या दिवशी ज्यांनी मला सांभाळून घेतलं, त्यांचे आभार मानायचे राहिलेत. तोंडावर मानायला गेलो की ते हसायला लागतात. मग म्हटलं, लिहून टाकू.

तर झालं असं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी येणार ते चाकाच्या खुर्चीतून. आणि आमचं जुनं गेट असं, की त्यातून सायकलसुद्धा अंग चोरून आत यायची! दवाखान्यात आई म्हणाली, "वेल्डरला बोलाव. मोठं गेट करून घेऊ."

मी छाती फुगवली. "वेल्डर कशाला? मी आहे ना!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं उतू जायच्या बेतात असलेल्या दुधाकडे पाहतात.

"तू?"

"मी! मशीन आहे, व्हिडिओ बघून शिकलोय. टाकीचा स्टँड कोणी केला?"

"तो कललाय."

"कललाय, पण उभा आहे ना?"

बाबा पलंगावरून म्हणाले, "करू दे गं त्याला. आयुष्यात एक तरी गोष्ट पूर्ण करेल."

हा टोमणा होता की आशीर्वाद, कोण जाणे! पण मी मनाशी गाठ मारली. बाबा खुर्चीतून येतील आणि माझं गेट त्यांच्यासमोर अलगद उघडेल. बास. मला तेवढंच हवं होतं.

जुनं गेट काढलं. गवंड्याने खांब मागे सरकवून दिला. आता घराचं तोंड सताड उघडं, म्हणजे माघार घ्यायची सोय नाही!

मदतीला टेकू. टेकू म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. कुठेही गेला की आधी टेकायला काहीतरी शोधतो, म्हणून टेकू. वजनदार माणूस. वजनकाट्यावर पाय ठेवला की काटाच सुस्कारा सोडतो.

चौकोनी पाइप कापून झाले. आता ते ठेवायचे कुठे? अंगणाला पाणी जाण्यासाठी उतार. घरात ठिणग्या उडवल्या असत्या तर आईने मलाच वितळवलं असतं. तेवढ्यात माझी नजर खाटेवर गेली. बाबांसाठी दवाखान्यातल्यासारखी लोखंडी खाट भाड्याने आणून अंगणातच ठेवली होती. डोक्याकडचा आणि पायाकडचा, दोन्ही कठडे अगदी एका उंचीचे. गादी अजून घातलेली नव्हती. गेटची चौकट दोन्ही कठड्यांवर आडवी ठेवली. जणू मापानेच शिवलेली!

"अरे, हे बाबांचं अंथरूण आहे," टेकू म्हणाला.

"आज टेबल आहे. संध्याकाळी अंथरूण होईल."

आता इथे थोडं शास्त्र. वेल्डिंगच्या गरमीने पाइप ओढला जातो, चौकट वाकडी होते. म्हणून ती आधी टेबलाला टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून घट्ट बांधायची. हे मी व्हिडिओत नीट पाहिलं होतं. टाका दाण्याएवढाच असावा आणि नंतर तो तोडायचा कसा, हे पुढच्या भागात होतं. तेव्हा मध्येच जाहिरात लागली आणि मी पाणी प्यायला उठलो होतो.

त्यामुळे मी दाणा नाही, अख्ख्या शेंगा ओतल्या! चार कोपऱ्यांना चार. मग उभे पाइप जोडले. तड तड तड! ठिणग्या अशा उडत होत्या, की मुखवट्याच्या काळ्या काचेमागे मला स्वतःचाच हेवा वाटत होता.

काम संपलं. मुखवटा वर केला. "उचल टेक्या!"

त्याने एक बाजू उचलली, मी दुसरी. गेट उठलं. खाटही उठली.

आम्ही खाली ठेवलं. परत उचललं. खाट परत आली. लग्न लागल्यासारखी दोघं एकमेकांना सोडायलाच तयार नाहीत!

"ग्राइंडरने टाके कापून काढतो," मी म्हणालो. ग्राइंडर लावला. चकतीने जेमतेम रंग खरवडला आणि फट्! फ्यूज गेला. तो बदलून परत लावला, तर चकतीच तुटली. दुकानाला दुपारची सुट्टी.

तेवढ्यात आईचा फोन. "सुट्टी मिळाली रे, निघतोय आम्ही. खाट तयार आहे ना?"

"एकदम तयार! गेटसुद्धा!" मी म्हणालो. दोन्ही तयारच होते. फक्त एकत्र!

टेकूने डोकं चालवलं. तो गेटखाली खाटेवर उताणा झोपला आणि दोन्ही पायांनी खालून गेटला लाथा मारायला लागला. मी वरून गज धरून ओढतोय.

"सुटत नाही रे!" तो ओरडला.

"सुटणार कसं? मी केलंय ते! हत्ती आला तरी हलणार नाही!"

त्याच वेळी भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. त्यांनी खाट पाहिली. खाटेवरचे गज पाहिले. गजांखाली हातपाय झाडणारा माणूस पाहिला.

"काय रे हे?"

"बाबांसाठी केलंय काकू! आजच बसवायचंय!"

"ह्याच्यात... ते?"

"मग! बघाल तुम्ही, खूश होतील!"

काकूंचं डोकं खाली गेलं. बाबा किती हट्टी, पायावर भार देऊ नका म्हटलं तरी दवाखान्यात कसे उठून चालायला बघतात, हे आईने त्यांना कालच रडत रडत सांगितलं होतं. काकूंनी दोन आणि दोन जोडले आणि थेट आईला फोन लावला. "अहो, तुमच्या पोराने बापाला कोंडायला पिंजरा केलाय! रंगीत तालीम चाललीय, आत एकाला घातलंय!"

गाडीत फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं.

गाडी आली. मी हसत पुढे गेलो. बाबा आतून हलेनात. "मला माझ्या भावाकडे न्या. ह्या घरात मी उतरणार नाही!"

"बाबा, काय झालं?"

"पिंजरा करतोस बापाला? अजून शुद्धीत आहे मी!"

आई पदराने डोळे पुसत होती. चालक आरशातून माझ्याकडे असं बघत होता, जणू मी बाबांना विकायला निघालोय! आणि नेमका तेव्हाच आतून टेकू ओरडला, "अरे, मला बाहेर तरी काढ! पाय अडकलाय गजात!"

मग मात्र माझा बांध फुटला. दाणा, शेंगा, जाहिरात, फ्यूज, सगळं एका दमात सांगून टाकलं. "बाबा, गेट आहे हो ते! तुमच्यासाठीच. फक्त... खाटेला चिकटलंय."

बाबांनी डोकं बाहेर काढून खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "खुर्ची काढा."

त्यांना खुर्चीत बसवलं. गेट नव्हतंच, त्यामुळे खुर्ची अलगद आत आली! बाबांनी खाटेभोवती एक फेरी मारली. माझ्या शेंगांवरून बोट फिरवलं. मग हात पुढे केला. "हातोडा."

बाबांनी टाक्यावर बाजूने हलकेच ठोकलं. टण! एक टाका तुटला. दुसरा, टण! तिसऱ्याला तर नुसता धाक पुरला. चौथा तुटला, टेकूने अडकलेला पाय झटकला आणि अख्खं गेट कठड्यावरून घसरून त्याच्या पोटावर! पोट म्हणजे गादीच, गेटला ओरखडाही नाही. वर एक उभा पाइप सुटून बाबांच्या चाकापाशी घरंगळत आला.

बाबांनी तो उचलला. माझ्याकडे पाहिलं. आणि हसायला लागले! ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. इतके हसले की आई घाबरून म्हणाली, "अहो, गुडघा!"

"देवाचे उपकार मान," ते डोळे पुसत म्हणाले, "पोराला वेल्डिंग येत नाही! येत असतं तर आज मी जमिनीवर झोपलो असतो."

काकूंनी लाजत लाजत चहा आणला. संध्याकाळी बाबा त्याच खाटेवर घोरत होते. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि सगळे जोड पुन्हा केले. आता बाबा काठी टेकत रोज स्वतः गेट उघडतात. आल्या-गेल्याला सांगतात, "माझ्या मुलाने केलंय." जोडांचं नाव काढत नाहीत. त्यांचे आभार कसे मानू, मला अजून सुचलेलं नाही.

उरला टेकू. पोटावर अजून गजांचे वळ आहेत. काल म्हणाला, "आमच्याही घराला गेट हवंय रे."

मी त्याचा हात हातात घेतला. "टेक्या, तुझे उपकार मी विसरणार नाही. शब्द देतो, ते गेट मी करणार नाही!"