एका माणसाचा एक पत्ता

महाडच्या आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकापुढे लेखक, किंमत आणि ओलावा असे तीन रकाने आहेत. याचं कारण आमचे शेजारी अनंतराव. भातगिरणीच्या नोंदींसाठी केलेल्या आराखड्यात त्यांनी वाचनालय बसवलं. ग्रंथपालांनी आधी तक्रार केली. मग पावसाळा आला, आणि ते मुकाट्याने ओलावाही भरू लागले.

अनंतराव लोकांच्या नोंदी संगणकावर लावून देतात. कोणती माहिती कोणत्या तक्त्यात ठेवायची, तक्ते एकमेकांना कसे जोडायचे, या आराखड्याला शिकलेले लोक डेटा मॉडेल म्हणतात. अनंतराव 'साचा' म्हणतात. त्यांनी आयुष्यात एकच साचा केला, गिरणीचा. पुढे डेअरी, मंगल कार्यालय, गुरांचा दवाखाना, सगळं त्यातूनच काढलं. मंगल कार्यालयात वधूपित्याची नोंद अजून 'माल आणणारा' अशी होते. कोणी बोललं तर अनंतरावांचं उत्तर ठरलेलं, "मांडलेलं आहे ना? मग पुन्हा कशाला मांडायचं?"

बिलाखाली ते 'वाचलेला खर्च' लिहितात आणि तेवढा कापून देतात. नव्याने करायला शंभर तास लागले असते, साच्यामुळे तीस लागले, म्हणून सत्तर वाचले. मला आकड्यांची खोड आहे. मी विचारलं, डेअरीत रोज संध्याकाळी बसून तुम्ही म्हशींना गिऱ्हाइकांच्या यादीतून वेगळं काढत होतात, ते तास कुठे गेले? ती दुरुस्ती, ते म्हणाले, दुरुस्ती अंदाजात धरत नाहीत. इथेच आमचं वाजतं. जुळवून घेण्याचे तास वजा केल्याशिवाय तिला बचत म्हणूच नये, असं माझं मत.

मागच्या वर्षी आमच्या कापडे गावच्या मंडळाची सभासद यादी मी त्यांच्याकडे दिली. आमचं निम्मं गाव मुंबईला, निम्मं इथे आणि उरलेलं एसटीत. साच्यात मात्र एका माणसाला एकच पत्ता. गिरणीला तेवढा पुरत होता. माहिती घ्यायला आम्ही गावच्या देवळात बसलो. माझी काकी लावणीला कापड्यात असते आणि नातवाच्या शाळेसाठी नालासोपाऱ्यात. अनंतराव तिला म्हणाले, एकच काय ते सांगा.

"आवो, मी दोन्हीकडं हाय," काकी म्हणाली. "एका जागी बसून ऱ्हायला मी काय गावदेवी हाय?"

पत्ते वेगळ्या तक्त्यात काढायचे आणि एका माणसाला हवे तितके जोडायचे, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी साचा मुळापासून सोडवावा लागणार आणि बचत शून्यावर येणार. अनंतराव अडून बसले. माणूस एकाच जागचा असतो, बाकीकडे तो पाहुणा, असं ते काकीला समजावू लागले. काकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची कारभारीण कुठं असते?"

"महाडला," अनंतराव म्हणाले.

मी खाली बघितलं. अनंतरावांना नातू झाला तेव्हा सुलभावहिनी विरारला मुलाकडे गेल्या, त्या आता गणपतीपुरत्या येतात. जाताना त्यांनी अनंतरावांनाही चला म्हटलं होतं. मुलाच्या शेजारची खोली भाड्याने मिळत होती. अनंतरावांनी हिशेब करून दाखवला की इथे सगळा संसार असताना तिकडे दुसरा थाटणं परवडत नाही. वहिनी एकट्या गेल्या. पुढे एकदा चहा पिताना ते मला म्हणाले होते, "आकडा बरोबर होता हो. पण तिला दाखवायला नको होता."

देवळातल्या त्या दिवसानंतर आठवड्याभराने त्यांनी मला घरी बोलावलं. साचा सोडवून झाला होता. पत्त्यांचा वेगळा तक्ता तयार होता आणि बिलावर 'वाचलेला खर्च' ही ओळच नव्हती. नीट चालतंय का ते पाहायला त्यांनी पहिली नोंद वहिनींची घातली होती. पत्ते दोन, महाड आणि विरार. त्यांतल्या एकावर 'मुख्य' अशी खूण करायची राहिली होती.

कुठल्यावर करू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहिनींनाच फोन करा.



"विचारलं की ती खरं सांगेल हो," ते म्हणाले.