हकीकत तिसऱ्या पातेल्याची

जाणत्यांनी कान द्यावा. शेळीच्या दुधाचे चीज कसे पडले, कसे उठले आणि त्यापायी एका घरची इभ्रत कैसी पणास लागली, ती हकीकत झाली तैसी लिहिली असे. पदरची भर घातली ती मिठाइतकीच.

सूनबाई, गोठ्याच्या मालकीण, तीन शेळ्यांच्या सरलष्कर, परमुलखी आठ दिवस राहून चीजची विद्या शिकून आल्या आणि अवजारांची खोली रिकामी करून, चुना मारून, तेथे ठाणे दिले. घरधनी जात्याच सबुरीचे कच्चे. त्यांनी फर्मान काढिले की तीन पातेली दूध देऊ, तिन्ही नासली तर शेळ्या मामांकडे रवाना होतील. त्या शेळ्या सूनबाईंनी बाटलीने दूध पाजून वाढविलेल्या; धाकटी तर अजून पदर चघळल्यावाचून धार देत नसे. तेव्हा मोहीम चीजची, पण जीव शेळ्यांत, हे ध्यानी धरावे.

विद्या ऐसी की, दूध कोमट करावे, विरजण घालावे, गोठविणाऱ्या अर्काचे चार थेंब सोडावे, आणि मग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पातेल्यास बोट लावू नये. सूनबाईंनी तैसेच केले आणि झाकण उघडले तो दह्याचा चुरा, फौज पाण्यात पळालेली. मग दुसरे पातेले लाविले आणि तेही तैसेच पडले. मग चौकशी बसली आणि तापमापक फितूर ठरला आणि मांजरास हद्दपार केले आणि शेळ्यांच्या वैरणीची झडती झाली. घरधन्यांनी मामांस फोन करून, गाडी कधी मोकळी आहे, इतकेच विचारून ठेविले.

तिसरे पातेले लावून सूनबाई दारामागे दबा धरून बसल्या. तासाभराने दार किलकिले झाले आणि खाशा सासूबाई, हाती पळी, पाऊल न वाजविता दाखल झाल्या. झाकण उचलले, पळी बुडणार, तोच सूनबाईंनी मनगट धरिले.

"आई, काय करताय?"

"काय म्हणजे? ढवळतेय. दूध असं बेवारशी टाकतात का? दर तासाला एक हात फिरवून जाते मी."

"मागच्या दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. तू दमलेली असतेस. आभार नकोत मानू."

सूनबाईंस संताप आला आणि मग जागीच निवाला. कारण सासूबाई या घरी नव्या असता एकदा दूध उतू गेले होते, आणि वडीलधाऱ्यांनी तेव्हा लाविलेले बोल चाळीस वर्षे त्यांच्या उजव्या हातात राहिले होते. दूध दिसले की तो हात आपसूक उठे, झोपेत लेकराकडे वळावा तैसा. त्या हातास घरधन्यांसमोर गुन्हेगार म्हणून उभे करणे सूनबाईंस रुचेना. मग मनाशीच मसलत करून त्यांनी सासूबाईंस पातेल्याची किल्लेदारी बहाल केली, की दिवे लागेतो कोणासही झाकण उघडू देऊ नये, खुद्द किल्लेदारासही नाही.

सासूबाई स्टूल घेऊन बसल्या. घरधनी डोकावले, त्यांस "मागं हो, श्वाससुद्धा सोडू नकोस त्याच्यावर," म्हणून परत धाडिले. तिसऱ्या प्रहरी हात पळीकडे निघाला. सासूबाईंनी तो मांडीखाली दाबिला, मग दुसराही दाबिला, आणि तैशाच बसून राहिल्या.

दिवेलागणीस झाकण उघडले, तो दही अखंड, नुकत्या घातलेल्या चादरीसारखे, एक सुरकुती नाही. मग ते फडक्यात टांगिले आणि मीठ चोळिले आणि दोन दिवसांनी घरधन्यांनी तुकडा जिभेवर ठेविला, आणि लागलीच दुसरा घेतला, आणि तिसरा तोंडात असताच मामांस कळविले की गाडी नको.

मग त्यांनी पुसिले, पहिली दोन कशानं गेली मग?

"तापमान चुकत होतं," सूनबाई म्हणाल्या.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या, "तापमानाकडे बघ."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, तिन्ही शेळ्या आपल्या ठाण्यावर कायम राहिल्या, आणि दोन्ही शिकस्तींचे कारण तापमान, ऐसे उभयपक्षी मान्य होऊन दफ्तरी दाखल केले असे.