तव्यावरचे महाराज

मुलांनो, गप्प बसा. मागच्या रांगेतल्यांनी शेपट्या आवरा. गोष्ट सुरू होतेय.

एका जंगलात झाडं कमी आणि समित्या जास्त होत्या. प्रत्येक समितीवर एक गाढव असायचंच. ते गाढव म्हणजे मी. हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

त्या जंगलात कागदी नोटा चालायच्या. प्रत्येक नोटेवर सिंहमहाराजांचं चित्र असायचं, भरघोस आयाळीचं. नोटा भिजायच्या, फाटायच्या, अस्वलाच्या हातून आल्या की मधाने चिकट व्हायच्या. पण आमच्या बायका हुशार. भाकऱ्या झाल्या की त्याच गरम तव्यावर त्या नोटा टाकायच्या. उलथन्याने दाबायच्या, उलटायच्या, पुन्हा दाबायच्या. दमट, चुरगळलेली नोट शेकून निघाली की कशी कडक आणि सरळ! घरोघरी हीच पद्धत होती.

मग खजिनदार तरसराव परमुलखात जाऊन आला आणि येताना प्लास्टिकची नोट घेऊन आला. भर दरबारात त्याने ती बादलीत बुडवली.

"भिजली?"

"नाही!" सगळे ओरडले.

त्याने ती दोन्ही बाजूंनी ओढली. "फाटली?"

"नाही!"

"तज्ज्ञाचं मत घ्या," महाराज म्हणाले.

तज्ज्ञ म्हणजे पुन्हा मीच. कागदाचा माझ्याइतका अनुभव जंगलात कुणालाच नव्हता. मी लहानपणापासून कागद खात आलो होतो. मी नोट तोंडात घेतली आणि बराच वेळ चावली. मग चेहरा गंभीर करून म्हणालो, "महाराज, हिला चवच नाही. म्हणजे ही कुणी खाणार नाही. अत्यंत सुरक्षित नोट आहे."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मला शाल मिळाली. ती टोचायची, पण अंगावरून काढवत नव्हती.

नव्या नोटा आल्या आणि गंमत सुरू झाली. माकडाने सवयीप्रमाणे नोटेची घडी घालून गालात ठेवली. घडी आतल्या आत उलगडली. बिचारं आठवडाभर सुजलेल्या तोंडाने फिरत होतं. अस्वल गड्डी मोजायला बसलं की ती सटकन निसटून सगळीकडे पसरायची. माझी स्वतःची गड्डी ओढा ओलांडताना सुटली. नोटा भिजल्या नाहीत हं, ते कबूल करायला हवं. कोरड्याच्या कोरड्या वाहून गेल्या.

तक्रारी गेल्या तेव्हा तरसराव हसला. तो कायमच हसतो, म्हणून आम्हाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "नोट उत्तम आहे. तुमचे हातच जुने आहेत." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासूनच चांगला आहे.

आता भागूकाकूंकडे या. भागूकाकू म्हणजे साळींदर. बाजारात थालीपीठं विकायच्या. त्यांचं बीळ ओढ्याकाठी होतं आणि दर पावसाळ्यात त्यात पाणी शिरायचं. काकू पिल्लांना तोंडात धरून रात्ररात्र दगडावर बसून राहायच्या. टेकडीवर मुंगूसशेठची बिळं होती, उंच आणि कोरडी. त्यातलं एक विकत घ्यायचं म्हणून काकूंनी पै-पै साठवली होती. मुंगूसशेठ मोठा चोखंदळ. वळलेली, दुमडलेली नोट तो घ्यायचाच नाही.

पाऊस तोंडावर आला होता. काकूंनी सगळ्या नोटा काढल्या. त्या गुंडाळलेल्या असल्याने पुन्हा पुन्हा वळत होत्या. काकूंनी आईने शिकवलं होतं तेच केलं. तवा तापवला, नोटा त्यावर पसरल्या आणि उलथन्याने दाबल्या.

नोटा आकसल्या. बघता बघता एकेक नोट चिंचोक्याएवढी झाली. आणि तिच्यावरच्या महाराजांचं झालं मांजराचं पिल्लू.

काकू धावतच माझ्याकडे आल्या. "अहो मास्तर! तुम्हीच म्हणाला होतात ना, या मेल्या नोटेला काही होत नाही म्हणून?"

"काकू, मी चावून पाहिली होती," मी म्हणालो. "शेकून कुठे पाहिली होती?"

काकू तशाच मुंगूसशेठकडे गेल्या. त्याने नोटा पाहिल्या आणि बोंब ठोकली, "हिने महाराजांचं मांजर केलं हो!" काकूंना धरून दरबारात उभं केलं. त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले होते. पिल्लं दाराशी रडत होती.

महाराजांनी ती नोट नखावर घेतली. बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तज्ज्ञ, ही नोट लहान कशी झाली?"

नोट वाईट म्हणावं तर माझी मान जाणार. काकूंची चूक म्हणावं तर काकू तुरुंगात. तोंडातून आपोआपच निघालं, "महाराज, नोट तेवढीच आहे. आपण मोठे झाला आहात. म्हणून ती लहान दिसते."

महाराजांनी आयाळ झटकली. ते खूश झाले, मुलांनो, फार खूश झाले.

"आम्हालाही तसं वाटतच होतं," ते म्हणाले. "भागूबाई निर्दोष आहे. हिच्या नोटा चालतील. आणि यापुढे आमच्या राज्यात लहान वस्तूला लहान म्हणणाऱ्याची जीभ कापली जाईल."

भागूकाकूंनी माझ्या खुरांना हात लावला. मलाही भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी कामी आलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरखरेदीला साक्षीदार म्हणून मी शाल पांघरून टेकडीवर गेलो. मुंगूसशेठने सगळ्या चिंचोक्याएवढ्या नोटा घेतल्या आणि एक बीळ दाखवलं. काकू आत शिरायला गेल्या. नाक गेलं. डोकं कसंबसं गेलं. पुढे काही जाईना.

"शेठ, हे लहान आहे हो!"

"लहान?" मुंगूसशेठ अदबीने म्हणाला. "जिभेला जपा, काकू. बीळ तेवढंच आहे. तुम्ही मोठ्या झाला आहात."

काकूंनी डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्ही तज्ज्ञ आहात."

बीळ लहान म्हटलं की नोटही लहान होती. नोट लहान होती म्हटलं की महाराज मोठे नव्हते. मी ते बीळ पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि म्हणालो, "हवेशीर आहे."

लाज वाटली, मुलांनो. खोटं कशाला सांगू, फार वाटली. पण मला लाज वाटल्याने ते बीळ काही वाढलं नाही. संध्याकाळी पाऊस आला. ओढा चढला, जुनं बीळ बुडालं. टेकडीवर भागूकाकू डोकं तेवढं बिळात घालून पडल्या होत्या, आणि पिल्लं त्यांच्या पोटाखाली भिजत होती.

तात्पर्य : नवी नोट तव्यावर टाकून पाहू नये. ती मंजूर करणाऱ्या गाढवाला टाकून पाहावं, आणि तेही नोटा छापायच्या आधी.